जुन्या डिझेल पिकअप गाडीतील इंधनाची काटकसर

शेतमालाला बाजारात मिळालेला दर हे शेतकऱ्याचे उत्पन्न नव्हे. त्या दरातून वाहतुकीचा खर्च वजा गेल्यावर जे हाती उरते, तेच त्याचे खरे उत्पन्न होय. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळ व आसपासच्या गावांतून भाजीपाला भंडाऱ्याच्या बाजारात, आणि प्रसंगी नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत जातो. हा माल वाहणाऱ्या पिकअप गाड्यांपैकी कित्येक गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या असतात. १८-१९ ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले व १६ जून २०१७ पासून हे दर रोजच्या रोज ठरू लागले. दर ठरविणे शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु एका फेरीला किती डिझेल जळावे, हे पुष्कळ अंशी त्याच्याच हाती आहे.

एक साधा हिशेब पाहावा. अड्याळहून बाजारात जाऊन परत येण्याची फेरी ५० किलोमीटरची धरली आणि गाडी लिटरला १० किलोमीटर चालते असे मानले, तर एका फेरीस ५ लिटर डिझेल लागेल. तीच गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर चालू लागली, तर ४ लिटर पुरतील. वर्षाला २०० फेऱ्या होत असल्यास २०० लिटरची बचत होईल. दर लिटरला ९० रुपये धरला, तर ही रक्कम १८,००० रुपये होते. एवढी रक्कम पुढील हंगामाच्या बियाण्याला व खताला मोठा आधार देऊ शकते.

प्रथम मोजमाप, नंतर दुरुस्ती

गाडी डिझेल जास्त खाते अशी शंका आली, की पुष्कळ मालक थेट मिस्त्रीकडे जातात व पंप किंवा नोझल उघडावयास सांगतात. हा क्रम उलटा आहे. गाडी आज किती चालते हेच ठाऊक नसेल, तर दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही हे कळणार कसे? यास्तव प्रथम मोजमाप करावे.

मोजमापाची रीत सोपी आहे. एकाच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून, पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी व किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. पुढील वेळी त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. मधल्या काळात कापलेल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. उदाहरणार्थ, ३०० किलोमीटरला ३० लिटर लागले, तर गाडी लिटरला १० किलोमीटर चालली. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नये. लागोपाठ तीन वेळांची सरासरी काढावी. गाडीचा मीटर खरा दाखवितो की नाही, हे रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी एकदा ताडून पाहावे.

वहीत आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: किती क्विंटल माल नेला आणि गाडी परत येताना रिकामी होती की भरलेली. याचे कारण पुढे येईल.

डिझेल कोठे वाया जाते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते, की ती अतिशय तापते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो व आपोआप पेट घेतो. रुडोल्फ डिझेल याच्या इंजिनाने १८९७ साली जर्मनीत झालेल्या चाचणीत इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले, आणि त्या काळी हा मोठा पराक्रम ठरला. आजही जुन्या पिकअपमध्ये डिझेलच्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर व रेडिएटरमधून निघून जातो. जो थोडा भाग चाकांपर्यंत पोहोचतो, तोच घासणारा ब्रेक, मऊ टायर आणि वाऱ्याचा विरोध यांत खर्ची पडू नये, हे पाहिले पाहिजे. म्हणून तपासणी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू करावी व खर्चिक दुरुस्तीकडे शेवटी वळावे.

बिनखर्चाची तपासणी

*टायर.* हवेचा दाब गाडी थंड असताना, म्हणजे सकाळी, तपासावा. कंपनीने गाडीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला दाब ठेवावा. भरलेल्या गाडीच्या मागील चाकांना निराळा दाब सांगितलेला असतो, तो पाळावा. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो व तापतो. ही उष्णता डिझेलमधूनच आलेली असते.

*ब्रेक.* सपाट, पक्क्या जागेवर रिकामी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोन माणसांनी ढकलली असता ती सहज हलली पाहिजे. फेरीहून आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ सावधपणे हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा फार गरम असेल, तर तेथील ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग बिघडले आहे असे समजावे. पावसाळ्यात पांधण रस्त्यांचा चिखल ब्रेकमध्ये शिरतो. त्यामुळे खरीप संपताच ही तपासणी अवश्य करावी.

*गळती.* टाकीपासून नोझलपर्यंतची प्रत्येक नळी व सांधा कोरड्या फडक्याने पुसून, इंजिन चालू करून पाहावे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब या वेगाने तासाभरात १८० मिलिलिटर डिझेल गळते. नोझलच्या उच्च दाबाच्या नळीवरील गळती कधीही बोटाने चाचपू नये. तेथील बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो व त्यामुळे बोट गमावण्याची पाळी येऊ शकते.

थोड्या खर्चाची कामे

*हवेचा फिल्टर.* धानाच्या मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ यांनी फिल्टर लवकर भरतो. हवा अपुरी पडली, की डिझेल पुरते जळत नाही व काळा धूर निघतो. कागदी फिल्टर हलकेच झटकावा किंवा आतून बाहेर मंद हवा मारावी. तो पाण्याने धुऊ नये. उन्हाकडे धरला असता प्रकाश दिसेनासा झाला, तर तो बदलावा. कागदास छिद्र असल्यास तो त्याच दिवशी बदलावा, कारण आत गेलेली धूळ सिलिंडर घासून टाकते. जुन्या तेलाच्या वाटीच्या फिल्टरमधील तेल गाळ साचताच बदलून खुणेपर्यंतच भरावे.

*डिझेल फिल्टर.* फिल्टरखालील पाणी काढण्याचा स्क्रू असल्यास तो ठराविक काळाने उघडून पाणी काढावे. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतरावर बदलावा. फिल्टर तुंबला, की गाडीची ओढ कमी होते व चालक खालच्या गिअरवर गाडी रेटतो.

*थर्मोस्टॅट.* विदर्भातील उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत पडली आहे. ही रीत योग्य नाही. थर्मोस्टॅट काढल्यामुळे हिवाळ्यातील पहाटेच्या फेरीत इंजिन दीर्घकाळ थंडच राहते, डिझेल अधिक लागते व सिलिंडरची झीज वाढते. गाडी तापत असेल, तर रेडिएटर, पंख्याचा पट्टा आणि पाण्याचा पंप तपासावा.

*टॅपेट व ऑईल.* टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे असावी. ऑईल सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. गरजेपेक्षा घट्ट ऑईल घातल्याने इंजिनाचे आतील घर्षण वाढते.

धुरावरून निदान

धुराचा रंग हा इंजिनाच्या दोषाचा साक्षीदार होय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: फिल्टर, नोझल किंवा गरजेपेक्षा वाढविलेला पंप. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर निघत राहिला, तर डिझेल वेळेवर पेट घेत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे.

वरील कामे करूनही काळा धूर राहिला, तर नोझल काढून चाचणी यंत्रावर दाब व फवारा तपासून घ्यावा आणि पंपाचे टायमिंग जुळवावे. कॉमन रेल प्रकारच्या इंजिनाचे इंजेक्टर मात्र गावात उघडू नयेत. त्यांचा दाब कित्येक पट अधिक असतो व त्यांच्या तपासणीसाठी खास उपकरणे लागतात.

प्रत्येक खर्चिक दुरुस्तीपूर्वी वही उघडावी. दुरुस्तीस किती रुपये लागतील व महिन्याला किती लिटर वाचतील, यावरून तो खर्च किती महिन्यांत भरून निघेल हे काढावे. इंजिन मुळातच झिजले असेल, सकाळी सुरू होण्यास त्रास देत असेल व ऑईल पीत असेल, तर किरकोळ दुरुस्त्यांवर पैसा घालीत राहण्यापेक्षा संपूर्ण दुरुस्ती करावी की माल भाड्याच्या गाडीने न्यावा, याचा विचार करावा.

चालविण्याची रीत

इंधनाच्या बचतीचा मोठा भाग चालकाच्या पायात असतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सुमारे अडीच पट होतो. यास्तव भंडारा-नागपूर महामार्गावरही गाडी रस्त्याच्या कडेच्या मार्गिकेतून ताशी ५० ते ५५ किलोमीटर वेगाने चालवावी. केबिनपेक्षा उंच रचलेले कॅरेट व फडफडणारी ताडपत्री हा विरोध आणखी वाढवितात. माल सपाट रचून ताडपत्री घट्ट बांधावी.

वेग घेताना गाडी गुरगुरू न देता वेळेवर वरचा गिअर टाकावा. मात्र इंजिन धडधडेल इतका लवकरही टाकू नये. पुढे गाव, वळण किंवा जनावरे दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा व गाडी गिअरमध्येच सावकाश येऊ द्यावी. अशा वेळी इंजिनाला डिझेल जवळजवळ मिळतच नाही. उलट, न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्यास इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल लागतेच, आणि गाडीवरील ताबा कमी होतो. उतारावर इंजिन बंद करणे तर जिवावर बेतणारे आहे, कारण ब्रेकला मिळणारी मदत त्यामुळे नाहीशी होते.

बाजाराच्या दारात रांगेत उभे असताना इंजिन चालू ठेवू नये. अशा गाडीचे इंजिन नुसते चालू राहिले, तरी तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल जळते. टर्बो असलेली गाडी मात्र लांबून आल्यावर अर्धा-एक मिनिट मंद चालवून मग बंद करावी.

रिकामी फेरी हाच मोठा अपव्यय

आता वहीतील क्विंटलच्या रकान्याकडे वळावे. अर्धी भरलेली गाडी अर्धे डिझेल खात नाही. उदाहरणादाखल, ५ क्विंटल वांगी नेण्याच्या फेरीस साडेचार लिटर लागले, तर क्विंटलमागे ९०० मिलिलिटर खर्च झाले. १२ क्विंटल नेताना ५.४ लिटर लागले, तर क्विंटलमागे ४५० मिलिलिटरच खर्च झाले. लिटरमागे किलोमीटर घटले, तरी क्विंटलमागील खर्च निम्मा झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच आकडा महत्त्वाचा आहे.

म्हणून शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी तोडणीचे दिवस जुळवून एकच गाडी भरावी. परतताना खत, पेंड, बियाणे किंवा रिकामी कॅरेट आणण्याचे काम त्याच फेरीत करावे. मात्र नोंदणी पुस्तकात दिलेल्या क्षमतेपेक्षा अधिक माल कधीही भरू नये. त्याने टायर, ब्रेक व क्लच यांची झीज होते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एका दंडात वर्षभराची काटकसर नाहीशी होते.

टाळावयाच्या गोष्टी

डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. रॉकेलला वंगणाचा गुण कमी असतो. त्यामुळे पंप व नोझल झिजतात, आणि असे मिश्रण करणे हा गुन्हाही आहे. करंजाचे कच्चे तेल टाकीत ओतू नये. ते नोझलवर जमून फवारा बिघडविते. प्रक्रिया करून तयार केलेले बायोडिझेल ही निराळी वस्तू होय. डिझेलच्या नळीला बांधावयाची चुंबके व तत्सम युक्त्या यांवर पैसा घालवू नये. ओढ वाढावी म्हणून पंपाचा सील केलेला स्क्रू फिरवू नये. त्याने धूर वाढतो व खर्चही वाढतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे काम

हा विषय व्याख्यानाने पटणारा नाही. आकड्याने पटणारा आहे. कार्यकर्त्यांनी गावातील राजी असलेल्या एका मालकाची गाडी निवडावी. तीन टाक्यांची सरासरी काढून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. त्यानंतर टायर, ब्रेक, गळती व हवेचा फिल्टर एवढीच चार कामे सर्वांसमक्ष करावीत आणि पुन्हा तीन टाक्या मोजाव्यात. आलेला आकडा, मग तो थोडा असो वा मोठा, पहिल्या आकड्याशेजारी जसाच्या तसा लिहावा. वाढवून सांगितलेला आकडा पुढच्या वेळी कोणी मानणार नाही; खरा आकडा पाहून मात्र शेजारचा गाडीमालक आपणहून वही घालील. धानाच्या बांधीत पाणी कोठून झिरपते हे शेतकरी बांधावर फिरून शोधतो व मूठभर चिखलाने ते थांबवितो. गाडीच्या टाकीतून झिरपणारा पैसाही तसाच शोधावयाचा व थांबवावयाचा आहे.