अभ्यासपाठ : बेघर तरुण, त्यांचे मन आणि व्यसन



हा पाठ मासिक बैठकीत वाचण्यासाठी आहे. एकाने मोठ्याने वाचावे आणि शेवटच्या प्रश्नांवर सर्वांनी आपापल्या वस्तीतील अनुभव सांगावेत. मात्र कोणत्याही मुलाचे नाव घेऊ नये.

१. बेघर कोणाला म्हणायचे?

बेघर म्हटले की पुणे स्टेशनच्या फलाटावर झोपलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. आपल्या कामाच्या भागातला बेघर मुलगा मात्र चटकन दिसत नाही.

मुळशी तालुक्यातले मोसे खोरे घ्या. वरसगाव धरण झाले आणि नदीकाठची शेती वीर बाजी पासलकर जलाशयात गेली. पुढे याच जलाशयाच्या काठी, दासवे परिसरात, लवासा शहर उभे राहू लागले. जमिनींच्या व्यवहारांबद्दल तक्रारी झाल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींवर मंजुरी मिळाली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शेती गेल्यावर ज्यांनी बांधकामाच्या मजुरीवर भिस्त ठेवली होती, त्यांचा तोही आधार डळमळला. याच तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. जमीन जाण्याचे दुःख येथे शंभर वर्षांचे आहे.

यात कातकरी बांधव सर्वांत मागे राहतात. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जागेवर वसलेल्या आहेत. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून जमिनीच्या व्यवहारात त्यांना कोणी विचारत नाही. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा घरातला मुलगा वर्षभरात दोन झोपड्यांत राहतो आणि दोन्ही दुसऱ्याच्या जागेवर असतात. म्हणून आपल्या कामापुरती व्याख्या अशी ठेवू : रात्री परत जायला हक्काची जागा नाही आणि वाट पाहणारे माणूसही नाही, तो बेघर.

२. नशा कशासाठी?

असा एक मुलगा कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. वय सतरा. शाळा सातवीत सुटली. बापाशी भांडून तो भट्टीवरून निघाला, काही दिवस शहरात बिगारी केली, आता पुलाखाली झोपतो. गुटखा त्याला आधीपासून ठाऊक आहे. हातभट्टी भट्टीवरच चाखली होती. शहरात सोबतच्या मुलांनी रुमालावर पंक्चरचे सोल्युशन दिले.

त्याला विचारले तर तो सांगेल, "भूक लागत नाही. थंडी वाजत नाही. रात्री भीती वाटत नाही." हे खोटे नाही. सोल्युशनची वाफ काही क्षणांत फुप्फुसातून मेंदूपर्यंत पोहोचते आणि जाणिवा बोथट करते. त्याच्या दुखण्यावर हाती लागलेले ते सर्वांत स्वस्त औषध आहे. पण त्याच औषधाने पुढे स्मरण, चाल आणि नजर बिघडते. उदासी वाढते आणि ती घालवायला पुन्हा नशा लागते. आधी मन खचले की आधी व्यसन लागले, हा वाद घालत बसू नये. दोन्हींवर एकाच वेळी उपचार लागतात.

३. काय करावे, काय टाळावे

• सोल्युशन हुंगत असलेल्या मुलाच्या मागे धावू नये, त्याला दरडावू नये. त्या अवस्थेत एकदम दचकल्याने किंवा पळाल्याने हृदय बंद पडू शकते. शांतपणे त्याला मोकळ्या हवेत बसवावे. शुद्ध हरपली तर १०८ वर फोन करावा.

• रोज भरपूर दारू पिणाऱ्याला "आजपासून बंद" अशी शपथ घालू नये. एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

• मुलगा गप्प झाला, झोप उडाली, "माझ्यावाचून कुणाचे अडते?" असे बोलू लागला, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट ओझे हलके होते. होकार आल्यास त्याला एकटे सोडू नये.

• घरचे भगताकडे जात असतील तर त्यांची चेष्टा करू नये. "तिकडे जा, पण उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडेही चला" असे म्हणावे.

४. कायदा आणि मदत

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार बेघर व निराधार व्यक्तींना सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत मोफत उपचाराचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाकडे तसे कार्ड नसले तरी हा हक्क राहतो. कागद नाही म्हणून कोणी परत पाठवले, तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. अठरा वर्षांखालील मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायदा, २०१५ अन्वये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वस्तीवरील भिंतीवर लिहून ठेवावेत.

५. परतण्याची जागा

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. व्यसनमुक्तीचे कोणतेही केंद्र सांगेल की खरी परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते. पण ज्याला घरच नाही, तो केंद्रातून निघून जाणार कुठे? पुन्हा त्याच पुलाखाली गेला, तर त्याच रुमालाशी गाठ पडेल. येथे आपले काम सुरू होते. डॉक्टर औषध देतील, आपण पत्ता द्यायचा. कुणाची पडवी, वसतिगृहातील एक खाट, रोजचे एक काम आणि ठरल्या वारी भेटणारा एक कार्यकर्ता, इतके तरी आपल्याला जमवता येते. कातकरी कुटुंबांसाठी नोव्हेंबर २०२३ पासूनच्या पीएम-जनमन योजनेत पक्क्या घराची तरतूद आहे. घरकुलाचा अर्ज हाही व्यसनमुक्तीच्या कामाचाच भाग समजावा.

मुलगा पुन्हा घसरला तर निराश होऊ नये. बहुतेक जण एकदा तरी घसरतात. त्याला एवढेच कळले पाहिजे की दार अजून उघडे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीतून गेल्या वर्षभरात किती मुले निघून गेली? त्यांपैकी किती जणांची आपण चौकशी केली?
२. आज रात्री असा मुलगा दारात आला, तर त्याला झोपायला आपण कोणती जागा देऊ?
३. आपल्या सर्वांत जवळच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात? पुढच्या बैठकीपूर्वी एकाने जाऊन पाहून यावे.