खोदायच्या आधी

वर्धा नगर परिषदेची हद्द कुठे संपते आणि सिंदी मेघे कुठे सुरू होते, हे रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही. वस्ती शहराची, कारभार ग्रामपंचायतीचा. पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी, नालवाडी, म्हसाळा यांचीही तीच गत. शेतं जातात, लेआऊट पडतात, प्लॉट विकले जातात. मी इथेच राहतो. शाळेत इतिहास शिकवला, आणि निवृत्त झाल्यापासून जिल्ह्यातल्या जुन्या जागांच्या नोंदी करत हिंडतो. या कामात पंचायतीपासून नागपूरच्या कार्यालयापर्यंत पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यातून जे कळलं ते लिहितो.

१. ज्याला लेखाशीर्षच नाही, त्याची कपात कोणाला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाचा दंडक असा की बांधकामाला परवानगी देण्याआधी जमिनीखाली काय आहे याचा विचार करायचा. त्यासाठी तिथल्या जिल्हा परिषदांकडे पुरातत्त्व जाणणारी माणसं असतात आणि त्या भागातल्या सगळ्या जुन्या जागांची एक नोंदवही असते. २०१० नंतरच्या काटकसरीत ही पदं कमी होत गेली. तेव्हा लोक ओरडले, कारण पद होतं आणि ते गेलेलं दिसत होतं. शेवटी २०२३ च्या कायद्याने ती नोंदवही ठेवणं स्थानिक संस्थांना बंधनकारक करण्याची तरतूद केली.

आपल्याकडे कपातीचा प्रश्नच येत नाही, कारण कापायला काही नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे द्यायचे २९ विषय अकराव्या अनुसूचीत लिहिले. त्यात वाचनालयं आहेत, जत्रा-बाजार आहेत, सांस्कृतिक कार्यक्रम आहेत. जुन्या जागा नाहीत. राष्ट्रीय महत्त्वाची सोडून बाकीची स्मारकं राज्य सूचीत, म्हणजे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. आणि त्या खात्याच्या नागपुरातल्या मोजक्या माणसांनी कितीतरी जिल्हे सांभाळायचे. त्यामुळे पंचायतीतला अधिकारी ‘हा आमचा विषय नाही’ म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत नसतो, नियमाचंच बोलत असतो. हे समजल्यावर माझा त्या खुर्चीवरचा राग गेला आणि नियमाकडे लक्ष लागलं.

२. संरक्षित यादीवर विसंबू नये.

२०२२ मध्ये केंद्राच्या यादीत देशभरातली ३,६९३ स्मारकं होती. संसदीय समितीच्या त्याच वर्षीच्या अहवालात आलं की त्यांतल्या फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी होते, आणि ५० स्मारकं नाहीशीच झाली होती. ही देशातली सगळ्यात जपलेली यादी. तिच्यातल्या प्रत्येक स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण, असा कडक कायदा आहे. यादीबाहेरच्या जागेला यातलं काहीच लागू होत नाही. राज्याने जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्क्यांपर्यंतचा निधी गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ठेवायला सांगितलं, ते चांगलंच झालं. पण शेतातल्या टेकाडाला त्यातला रुपया मिळायचा तर आधी कोणीतरी त्या टेकाडाची दखल घेतलेली हवी.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली आणि सहाशेच्या वर वास्तू नोंदल्या गेल्या. नागपुरातही वारसा समिती आहे. मोठ्या शहरांना हे जमलं. नगर परिषदेच्या गावाला ते क्वचित जमतं, आणि शहराला चिकटलेल्या ग्रामपंचायतीला तर ते करायला कोणी सांगितलेलंही नाही. जमिनीची उलथापालथ मात्र आज सगळ्यात जास्त याच पट्ट्यात चालू आहे.

३. पांढरी ओळखायला शिकावं, आणि पावसाळ्याच्या तोंडी हिंडावं.

आमच्या भागातली शेतं काळीभोर. अशा शेतात मध्येच एखादा उंचवटा दिसतो, त्याची माती राखाडी-पांढरी. ती पांढरी. तिथे कधीकाळी गाव नांदत होतं. चुलीची राख, कोसळलेल्या भिंती, शेण, हाडं, खापरं असं पिढ्यान् पिढ्या साचून ती माती झाली. शेतकऱ्यांना तिचा कस ठाऊक असतो. गाड्या भरभरून ती शेतात टाकायची, घर छाबायला आणायची, हा रिवाज जुना आहे. बैलगाडीने न्यायचे तेव्हा टेकाड झिजायला शंभर वर्षं लागत. टिप्पर आले तेव्हापासून आठवडा पुरतो.

एका लेआऊटच्या रस्त्यासाठी जेसीबीने नाली काढली होती, तिथे मी उभा राहिलो होतो. छातीइतकी खोल नाली. वर हातभर काळी माती, मग राखेची बोटभर जाड रेघ, खाली पिवळट चोपलेली जमीन. त्या जमिनीवर कोणी बसलं असेल, जेवलं असेल. तिच्याखाली पुन्हा राख. नालीच्या कडेतून खापराचा तुकडा बाहेर आला होता. बाहेरून तांबडा, आतून काळा, अंगठ्याने पुसल्यावर चकाकणारा. विदर्भात अशी काळी-तांबडी भांडी लोहयुगातल्या वस्त्यांत आणि दफनांत सापडतात, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. जेसीबीवाला पोरगा खाली उतरून आला. म्हणाला, ‘‘सर, खापरच तर होय ना जी ते. सोनं-नाणं रायते का त्यात?’’ मी त्याला ती राखेची रेघ दाखवली, बोट धरून एक-एक थर मोजायला लावला. त्याने मोजले. मग म्हणाला, ‘‘बाप्पा, म्हंजे गावावर गाव हाये हे.’’ त्या दुपारी त्याने मशीन अर्धा तास बंद ठेवलं आणि मला फोटो काढू दिले, मापं घेऊ दिली. दुसऱ्या दिवशी नालीत पाइप पडले.

पहिल्या पावसाने माती धुतली की खापरं वर येतात. तेव्हा पांढरीवर जाऊन आलं तर उन्हाळाभरात जे दिसलं नसतं ते दिसतं. उचलून मात्र आणू नये. वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी साक्ष गेली. फोटो, गट क्रमांक आणि तारीख एवढंच घेऊन यावं.

४. लोक लपवतात, कारण त्यांना जमीन जाण्याची भीती असते.

विहीर खणताना दगडी मूर्ती निघाली तर निम्मी माणसं ती पुन्हा पुरतात किंवा रातोरात पारावर नेऊन शेंदूर लावतात. ‘सरकारले कळलं तं वावर जाईन’ ही धास्ती घरोघरी आहे. १८७८ चा भूमिगत निधीचा कायदा अजून चालू आहे. पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं तो सांगतो. मूर्ती निघाली म्हणून वावर सरकारजमा करा, असं तो सांगत नाही. हा फरक कोणीतरी बसून, चहा घेत, घाई न करता समजावून सांगावा लागतो. ज्या देशात हे काम करायला पगारी माणूस असतो तिथे तो नुसती परवानगीची कागदपत्रं तपासत नाही, शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो. ही ओळख पदाबरोबरच जाते आणि नव्याने जमवायला वर्षं लागतात.

५. पवनार डोळ्यांसमोर ठेवावं.

वर्ध्याहून आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी विनोबांचा परंधाम आश्रम आहे. १९३८ मध्ये प्रकृतीसाठी विनोबा तिथे राहायला गेले. खोदकामात त्यांच्या हाती भरत-राम भेटीचं शिल्प लागलं, पुढे आणखीही शिल्पं निघाली. त्यांनी ती जागेवर, लोकांसमोर ठेवली, म्हणून आज कोणालाही ती पाहता येतात. वाकाटकांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं मत मांडलं. काही अभ्यासक हा मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केलं आणि त्या मातीचा क्रम शास्त्रशुद्धपणे लिहून ठेवला. रामटेकजवळच्याच नगरधनला गेल्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. केवढीशी ती वस्तू! टिप्परच्या एका खेपेत अशा किती जात असतील, या विचाराने मला झोप येत नाही.

विनोबांच्या जागी दुसरा कोणी असता तर ती शिल्पं पायात गेली असती. कोण खोदतो आहे या नशिबावर एवढी मोठी गोष्ट सोडून चालणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

६. दरवर्षीचा थोडा खर्च थांबला की मोठा खर्च येतो.

सेवाग्राम आश्रमातल्या कुट्या मातीच्या. पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, भिंती छाबाव्या लागतात, सारवण करावं लागतं. आश्रमाने हे अखंड केलं म्हणून १९३६ चा आदी निवास आजही उभा आहे. त्याच काळातली वर्ध्यातली कितीतरी घरं एका पावसाळ्यात कवेलू न फेरल्यामुळे बसली. जुन्या जागांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा पगार हाही असाच दरवर्षीचा थोडा खर्च.

७. ठराव द्यायच्या दिवशीच विचारता आलं पाहिजे.

मुरमाचा परवाना महसूल खातं देतं, पण त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव बहुतेक वेळा मागतात. मुरमाड, खडकाळ माळ हीच शिळावर्तुळांची, म्हणजे गोलाकार मांडलेल्या दगडांची जागा. नागपूरजवळ जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, ती संरक्षित आहेत. आमच्या जिल्ह्यात खैरवाड्याला आहेत. इतर माळांवरची कित्येक कोणत्याही कागदावर नाहीत. लोहयुगातल्या माणसांनी आपली मेलेली माणसं तिथे भांड्यांसकट, हत्यारांसकट पुरली. माहुरझरीला तर घोड्यांचे तांब्याचे दागिने निघाले. मुरूम नेणाऱ्याला ते नुसते गोटे दिसतात आणि त्याला दोष देता येत नाही, कारण ठरावाच्या कागदावर ‘या माळावर जुनं काही आहे का’ हा रकानाच नाही.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग होतो आहे, शक्तिपीठ महामार्गाची आखणी तर पवनारपासूनच सुरू होते. हे रस्ते होऊ नयेत असं मी म्हणत नाही. मोजणीची माणसं खुंट्या ठोकायला येतात त्याच्या आधी, गटवार नोंद असलेला एक कागद त्यांच्या हातात असावा, एवढं मागतो. आखणी कागदावर असताना पन्नास फूट सरकते, खडी पडल्यावर सरकत नाही.

८. नोंदवही आपणच सुरू करावी.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. गावातली झाडं, पाखरं, बियाणं लोकांना विचारून लिहायची. त्याच धर्तीवर मी जुन्या जागांचा तक्ता करतो: गट क्रमांक, गावातलं नाव, काय दिसतं, कोणी सांगितलं, फोटो. केंद्राने २०२३ मध्ये ‘मेरा गाँव मेरी धरोहर’ हे पोर्टल सुरू केलं. आपल्या गावाची तिथली माहिती एकदा उघडून पाहावी आणि तिच्यात काय राहिलं ते तक्त्यात घालावं. मारुतीचं देऊळ आणि आठवडी बाजार आला असेल, पण पांढरी, वीरगळ आणि जुनी बारव आली आहे का, हे गावातलाच माणूस सांगू शकतो.

हा तक्ता ग्रामसभेत ठेवून ‘लेआऊट किंवा मुरमाच्या ठरावाआधी तो पाहावा’ असा एक ओळीचा ठराव मागायचा. एका गावात तो मंजूर झाला. दुसऱ्या गावात मागे पडला, कारण कोरमच भरला नाही. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा करण्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्यात आपला विषय यायचा असेल तर अर्ज सप्टेंबरातच द्यावा, दोन प्रती कराव्या, आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.