वाचनालय कशाला हवे?

गावात चावडीशेजारी वाचनालय आहे. तात्या तिकडे फिरकत नसत. ते म्हणत, "आता सगळं मोबाइलात येतं. वाचनालय कशाला हवं?"

एके दिवशी तात्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. 'किसान सन्मानाचा 2000 रुपयांचा हप्ता अडकला आहे. खालची लिंक दाबा.' तात्यांनी अक्षरे लावून तो वाचला. पण खरा की खोटा, ते कळेना. ते वाचनालयात गेले.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "थांबा तात्या, लिंक दाबू नका. आधी पासबुक बघू."

पासबुकात हप्ता जमा होता! मेसेज खोटा होता.

बाई म्हणाल्या, "कुणी ओटीपी मागितला तर सांगू नका. ती घराची किल्ली आहे. चुकून फसलात, तर लगेच 1930 ला फोन करा."

मग बाईंनी संगणक दाखवला. त्यावर मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो. सातबाराही पाहता येतो. शेजारी वर्तमानपत्रे होती, शेतीची पुस्तके होती.

महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकार अनुदान देते. म्हणजे हा पैसा आपलाच. मग वाचनालय ओस का पडू द्यावे?

तात्या आता रोज संध्याकाळी तिथे जातात. ते म्हणतात, "मोबाइल खरं-खोटं दोन्ही आणतो. निवडायला वाचनालय हवंच."

सांगा पाहू :
1. तात्यांनी लिंक दाबली असती तर काय झाले असते?
2. तुमच्या गावचे वाचनालय कधी उघडते?