जुन्या जिप्सीचा फोर-व्हील ड्राइव्ह लागत नाही : दोष कुठे शोधाल?

पावसाळ्यात शेतरस्त्यावर जिप्सी रुतते. तुम्ही लिव्हर फोर-एचला टाकता, डॅशबोर्डवरचा दिवाही लागतो. पण चिखल उडवतात फक्त मागची चाकं. दिवा लागला म्हणजे सगळं लागलं, असं समजू नका. तो ट्रान्सफर केसमधल्या स्विचवर लागतो. तिथून चाकापर्यंत काय झालं, हे त्याला ठाऊक नसतं.

आज आपण हाताने फिरवायचे हब असलेली जुनी जिप्सी घेऊ. तिच्यात ट्रान्सफर केसमधून ताकद पुढच्या प्रोपेलर शाफ्टला, मग डिफरन्शियल, हाफ शाफ्ट, हब आणि शेवटी चाकाला जाते. शाफ्ट मधोमध आहे, म्हणून आधी त्यालाच विचारायचं.

सपाट जागा, इंजिन बंद, गिअर टाकलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हब फ्री. टू-एचमध्ये हा शाफ्ट हाताने फिरतो. फोर-एचमध्ये फिरता कामा नये. फिरला, तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा लिव्हरच्या जोडणीत. पण घाई नको, उभ्या गाडीत कधीकधी दाते जुळत नाहीत. गाडी हातभर ढकलून लिव्हर पुन्हा टाका आणि परत बघा.

शाफ्ट घट्ट असेल तर हबकडे वळा. दोन्ही पुढची चाकं उचलून मजबूत स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. फोर-एच तसाच ठेवून दोन्ही हब लॉक करा. डावं चाक फिरवलं की उजवं उलट दिशेने फिरायला हवं. नाही फिरलं, तर बहुधा एखादा हब पकडत नाही.

इथे बरेच जण फसतात. "एक हब चांगला आहे, म्हणजे एक चाक तरी ओढेल," असं वाटतं. ओढत नाही! साधं डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेने सोडतं. निकामी हबकडचा हाफ शाफ्ट आतल्या आत गरगरतो आणि चांगलं चाकही उभंच राहतं. म्हणून दोन्ही हब खोला. वाळलेलं जुनं ग्रीस, गंज, पाणी शिरल्याची खूण दिसेल. साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या. ठासून भरलं तरी हब अडकतो.

नंतरची चाचणी मातीत घ्या, कोरड्या डांबरावर नको. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मध्ये डिफरन्शियल नसल्याने सगळा ताण गिअरांवर येतो.