थट्टा, लाडीगोडी आणि छेडछाड

परकी भाषा शिकणाऱ्याला बाजाराचे, प्रवासाचे किंवा कारखान्याचे शब्द तुलनेने लवकर साधतात. वस्तू समोर असते आणि तिच्याकडे बोट दाखविता येते. प्रेमातील खेळकरपणाचे शब्द मात्र सर्वांत उशिरा हाती लागतात. नखरा, लटका राग, लाडीगोडी यांच्याकडे बोट दाखविता येत नाही. कोण, कोणाशी, कोणत्या स्वरात बोलत आहे यावर त्यांचा अर्थ अवलंबून असतो. शिवाय व्याकरणातील चूक ऐकणाऱ्याला फार तर हसविते. येथील चुकीने एखाद्याचे मन दुखावते, प्रसंगी त्याहून अधिकही घडते. म्हणून या शब्दांचा अभ्यास केवळ करमणुकीचा विषय नव्हे.

छत्तीसगडमधील भिलाई हे अशा अभ्यासाला अनुकूल ठिकाण आहे. 1955 साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कामगार व अभियंते येथे आले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषाही आल्या. येथील मराठी कुटुंबातील मुलाच्या कानावर घरात मराठी, शेजारी हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत इंग्रजी पडते. थट्टेचे शब्द त्याला चारही भाषांत ठाऊक असतात. परंतु एका भाषेतील थट्टा दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी नेता येत नाही, हे त्याला अनुभवानेच कळते.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. ‘फ्लर्ट’ या क्रियापदाचा जुना अर्थ झटका देणे, चटकन हलविणे असा होता. हातपंख्याची झटपट उघडमीट करण्यासही हा शब्द लावीत. पुढे गंभीर हेतू न ठेवता केलेल्या प्रणयचेष्टांना तो लागू झाला. चंचलपणाची छटा त्यात अजूनही आहे. ‘टीझ’ हा शब्द लोकर पिंजण्याच्या कामातून आला. तंतू ओढून सुटे करणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून एखाद्याला बोलण्याने डिवचणे हा अर्थ निघाला. ‘कॉय’ शब्दाचे मूळ ‘शांत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आज तो लाजाळूपणाला, बहुधा लाजण्याच्या बहाण्याला लावतात. ‘कोक्वेट’ म्हणजे नखरेल स्त्री. मात्र हा शब्द फ्रेंच भाषेतील कोंबड्याच्या नावावरून बनला आहे! ‘कोर्ट’ हे क्रियापद राजदरबारातून आले. त्यात आर्जव आहे, संयम आहे आणि विवाहाचा हेतूही सूचित होतो. मराठीत त्याला ‘प्रियाराधन’ हा शब्द शोभतो. ‘फ्लर्ट’साठी तोच शब्द योजला तर मात्र अर्थाचा अनर्थ होईल.

चिनी भाषिक विद्यार्थी इंग्रजी शिकू लागतो तेव्हा त्याची अडचण वेगळी असते. त्याच्या भाषेत ‘साज्याओ’ असा एक शब्द आहे. मूल आईजवळ किंवा प्रेयसी प्रियकराजवळ लाडात येऊन जो हट्ट धरते, त्याला हा शब्द लावतात. इंग्रजीत त्याला नेमका एक शब्द सापडत नाही. मराठी वाचकाला मात्र तो चटकन उमगेल, कारण ‘लाडात येणे’ हा आपला वाक्प्रचारही मूल आणि प्रेयसी या दोघांना चालतो. ‘दाछिंग-माछ्याओ’ या दुसऱ्या चिनी शब्दबंधात मारणे आणि रागे भरणे या अर्थाची अक्षरे आहेत. पण त्याचा अर्थ प्रेमिकांची लाडिक चेष्टा असा होतो. आपला ‘लटका राग’ त्याच्या अगदी जवळचा आहे.

याहून महत्त्वाची एक जोडी चिनी भाषेत आढळते. ‘थ्याओछिंग’ म्हणजे परस्परांशी केलेली प्रणयचेष्टा, तर ‘थ्याओशी’ म्हणजे स्त्रीची केलेली छेड. दोन्ही शब्दांतील पहिले अक्षर एकच आहे, आणि वाद्याच्या तारा जुळविण्यासाठीही तेच अक्षर वापरतात. मराठीतही तार छेडतात आणि माणसालाही छेडतात. हे साम्य योगायोगाचे असले तरी बोधप्रद आहे. छेडल्यावर तार सुरात बोलते. माणूस म्हणजे तार नव्हे.

खेळ कोठे संपतो आणि त्रास कोठे सुरू होतो, याची खूण पुष्कळदा व्याकरणातच सापडते. पुढील तीन वाक्ये पाहा : ‘तो तिच्याशी थट्टामस्करी करतो.’ ‘तो तिची थट्टा करतो.’ ‘तो तिला छेडतो.’ पहिल्या वाक्यातील ‘शी’ या प्रत्ययात दोघांचा सहभाग आहे. दुसऱ्यात ती थट्टेचा विषय झाली आहे. तिसऱ्यात ती केवळ कर्म उरली आहे. इंग्रजीत ‘फ्लर्ट’नंतर ‘विथ’ येते, ‘टीझ’ला मात्र सरळ कर्म लागते. चिनी भाषेतही ‘थ्याओछिंग’ला ‘सह’ या अर्थाचा शब्द जोडतात आणि ‘थ्याओशी’ला सरळ कर्म. अर्थात ही खूण आहे, पुरावा नव्हे. ‘विथ’ वापरूनही चेष्टा एकतर्फी असू शकते.

दोघांच्या सहभागाचे उत्तम उदाहरण भिलाईच्या परिसरातच आहे. छत्तीसगढी लोकगीतांतील ‘ददरिया’ हा प्रकार शेतात व रानात काम करताना गाइला जातो. एकाने पद टाकावे, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे, अशी तरुण-तरुणींची जुगलबंदी त्यात रंगते. उत्तर येते म्हणूनच गाणे पुढे सरकते.

याउलट ‘ईव्ह-टीझिंग’ हा भारतीय इंग्रजीतील शब्द पाहा. रस्त्यावरील छळाला त्याने ‘टीझ’ म्हणजे थट्टा हे सौम्य नाव दिले. 1998 च्या तामिळनाडूतील कायद्याच्या शीर्षकातही तो शब्द आला. शब्द सौम्य असला की अपराधही सौम्य वाटू लागतो. नंतरच्या कायद्यांची भाषा अधिक नेमकी आहे. 2013 मध्ये भारतीय दंडसंहितेत लैंगिक छळ आणि पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे म्हणून समाविष्ट झाले. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासंबंधीच्या 2013 च्या कायद्याने तर व्याख्येच्या केंद्रस्थानी एक साधे विशेषण ठेवले : ‘नकोसे’. करणाऱ्याचा हेतू गमतीचा होता की नाही, एवढ्यावर निर्णय होत नाही. समोरच्या व्यक्तीला ते हवे होते की नको, हे पाहावे लागते.

येथे एक जुनी शंका उद्भवते. भरताच्या नाट्यशास्त्रात स्त्रियांचे जे दहा स्वाभाविक अलंकार सांगितले आहेत, त्यांत ‘कुट्टमित’ हा एक आहे. मनातून आनंद होत असताना वरकरणी नकार दाखविणे, असे त्याचे स्वरूप. मग नकार हा होकारच समजावा काय? मुळीच नाही. भरताचा ग्रंथ नाट्यप्रयोगासाठी आहे. रंगभूमीवर नायिकेचे मन प्रेक्षकांना आधीच उघड केलेले असते. जीवनात दुसऱ्याचे मन असे उघडे नसते. तेथे नकाराचा अर्थ नकार असाच घ्यावा लागतो.

अभ्यासासाठी : (1) ‘लाडीगोडी’, ‘नखरा’, ‘थट्टा’ व ‘छेडछाड’ हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा, प्रत्येक वाक्यात दुसऱ्या व्यक्तीला उत्तर देण्यास वाव आहे का, ते पाहा. (2) ‘प्रियाराधन’ व ‘पाठलाग’ यांतील भेद पाच ओळींत स्पष्ट करा. (3) आपल्या परिसरातील दुसऱ्या एखाद्या भाषेत थट्टेसाठी कोणते शब्द आहेत, त्यांची नोंद करा. त्यांपैकी कोणते शब्द परक्या माणसाशी बोलताना वर्ज्य आहेत, हे त्या भाषेच्या जाणकाराला विचारा.