वाचनपाठ : गाईच्या कानातला पिवळा बिल्ला

मुलांनो, पार्सिपनीच्या वायव्येला ससेक्स काउंटी आहे. तिथे दर ऑगस्टमध्ये मोठी शेतकी जत्रा भरते. कधी गेलात, तर गाईंच्या कानांकडे नीट बघा. कानात नंबर असलेला बिल्ला दिसेल. सुट्टीत महाराष्ट्रात गेलात, तर तिथल्या गाईम्हशींच्या कानातही बिल्ला दिसेल. तो पिवळा असतो आणि त्यावर १२ आकडी नंबर असतो.

नंबर कशासाठी?

शेतकरी आपल्या गाईंना नावाने ओळखतो : कपिला, हरणी, तांबू. पण कपिला तर गावोगावी असतात! म्हणून सरकार प्रत्येक जनावराला वेगळा नंबर देतं. २०१९ मध्ये भारत सरकारने लाळ्या-खुरकूत रोगाविरुद्ध देशभर लसीकरण सुरू केलं. कोणत्या जनावराला लस कधी दिली, ते या नंबरावरून कळतं. आता ही माहिती ‘भारत पशुधन’ या संगणक प्रणालीत नोंदवतात.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात लंपी रोग पसरला आणि हजारो जनावरं दगावली. तेव्हा सरकारने गाईसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये भरपाई ठरवली. अशा वेळी कोणाचं कोणतं जनावर गेलं, याची पक्की नोंद लागते. म्हणजे नंबर शेतकऱ्याच्याही कामाचा आहे.

मग काळजी कसली?

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात नियम कडक झाला. बिल्ला नसेल, तर जनावर बाजारात विकता येत नाही. सरकारी दवाखान्यातले उपचार आणि भरपाई यांसाठीही बिल्ला सक्तीचा झाला. त्याच वर्षी गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर झालं होतं. त्यालाही बिल्ल्याची नोंद लागत होती.

आता समजा, सांगोल्याजवळच्या एका शेतकऱ्याकडे दोन गाई आहेत. पाऊस नाही, चारा संपलाय, मुलीची फी भरायचीय. एक गाय विकायची असं घरात ठरलं. पण कुंपणात कान अडकून तिचा बिल्ला तुटलाय. बाजार उद्या आहे आणि नवा बिल्ला मारायला माणूस येणार पुढच्या आठवड्यात. शेतकरी म्हणेल, “अहो, ही गाय माझ्याच गोठ्यात जन्मली. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी माझं काम का अडावं?”

दुसरी अडचण नोंदीची. गाय विकली, पण संगणकात मालकाचं नाव बदललंच नाही, तर? पुढची भरपाई कोणाच्या नावावर निघेल? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याला यासाठी दवाखान्यात खेपा घालाव्या लागतात.

अमेरिकेतही हीच चर्चा

५ नोव्हेंबर २०२४ पासून अमेरिकेत दुभत्या गाईंना, तसंच प्रदर्शनात नेल्या जाणाऱ्या गुरांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना यंत्राने वाचता येणारा बिल्ला लागतो. इथले काही शेतकरीही विचारतात : बिल्ल्याचा खर्च कोणी करायचा? आमच्या गोठ्याची माहिती कोण कोण पाहणार?

रोग आटोक्यात राहिला, तर फायदा सगळ्यांचा होतो. दूध पिणाऱ्या तुमचाआमचाही. मग सगळा त्रास दोन गाईंच्या मालकाने एकट्याने का सोसावा? बिल्ला सक्तीचा असेल, तर तुटलेल्याच्या जागी नवा बिल्ला बाजाराच्या दारातच मिळायला हवा.

शब्दार्थ
दगावणे – (जनावर) मरणे
गोठा – गाईगुरांना बांधण्याची जागा
सक्तीचा – टाळता न येणारा
खेपा घालणे – एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा जाणे
आटोक्यात राहणे – ताब्यात राहणे, न पसरणे

स्वाध्याय
१. नंबरामुळे शेतकऱ्याचा कोणता फायदा होतो?
२. सांगोल्याच्या शेतकऱ्याची अडचण तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘खेपा घालणे’ वापरून एक वाक्य लिहा.
४. जोडीने बोला : एकाने शेतकरी व्हा, दुसऱ्याने सरकारी पशुवैद्य. बिल्ला तुटलाय आणि बाजार उद्या आहे. दोघे मिळून काय मार्ग काढाल?