कावेरीतील महासीर आणि हौशी मासेमारांची नोंदवही

नदी आणि मासा

बेंगळुरू शहराच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून वाहणाऱ्या कावेरी नदीचा आहे. १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथे याच नदीवर वीजकेंद्र सुरू झाले आणि १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. शहराने नदीकडून प्रथम प्रकाश घेतला आणि पुढे पाणी घेतले. तथापि शिवनसमुद्राच्या धबधब्याखाली, मेकेदाटूच्या अरुंद घळीच्या परिसरात, ही नदी जगातील सर्वांत मोठ्या गोड्या पाण्यातील माशांपैकी एका माशाचे निवासस्थान आहे, ही गोष्ट शहरातील थोड्याच लोकांना ठाऊक असते. हा मासा म्हणजे महासीर होय.

महासीर हे वस्तुतः कोणत्याही एका जातीचे नाव नाही. रोहू, कटला ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील, 'टोर' या प्रजातीच्या अनेक माशांना मिळून हे नाव दिले जाते. मोठे खवले, जाड ओठ आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या ही या माशांची ठळक लक्षणे आहेत. त्यांच्या जबड्यात दात नसतात. दात घशात असतात आणि त्यांच्या साहाय्याने मासा खेकड्याचे किंवा शिंपल्याचे कवचही चुरडून टाकतो. वेगवान, थंड आणि प्राणवायूने समृद्ध अशा खडकाळ पात्रात तो राहतो. नदीला पूर आला की प्रवाहाच्या विरुद्ध पोहत तो वरच्या भागांत व उपनद्यांत जातो आणि तेथे अंडी घालतो.

उत्तरेकडील हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांत सोनेरी महासीर आढळतो. कावेरीतील महासीर त्याहून वेगळा आहे. त्याच्या पाठीवर, डोक्याच्या मागे, बैलाच्या वशिंडासारखा स्पष्ट उंचवटा असतो. त्यामुळे त्यास वशिंडाचा महासीर असे म्हणता येईल. गळाने पकडलेल्या महासिरांत ज्याचे वजन सर्वांत अधिक मानले जाते, तो मासा १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका गृहस्थांनी कावेरीची उपनदी कबिनी येथे पकडला. त्याचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलोग्रॅम होते.

गळाची मासेमारी

नैर्ऋत्य मोसमी पावसाने कोडगूच्या डोंगरांतून येणारा पूर ओसरल्यावरही कावेरीचे पाणी लगेच निवळत नाही. शरद ऋतूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि नदी पुन्हा गढूळ होते. तो थांबला, पाणी उतरले आणि खडक उघडे पडू लागले म्हणजे गळाच्या मासेमारीचे दिवस येतात. टोपलीसारख्या गोल नावेतून मासेमार एका खडकावरून दुसऱ्या खडकावर जातो. गळाला नाचणीच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा, खेकडा किंवा लहान मासा लावतात आणि आमिष वेगवान प्रवाहाच्या कडेला, खोल डोहाच्या तोंडाशी सोडतात. आमिष घेताच महासीर खालच्या दिशेने धाव घेतो आणि काही क्षणांत दोऱ्याची मोठी लांबी ओढून नेतो. दोरा खडकाच्या धारेवर घासला की तुटतो. यास्तव या मासेमारीत बळापेक्षा पात्राची माहिती अधिक उपयोगी पडते, आणि ही माहिती नदीकाठच्या गावांतील माणसांपाशी असते.

इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये या खेळाचे आकर्षण फार जुने होते. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी एच. एस. टॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात महासिराला मोठे स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर हा खेळ मागे पडला. दरम्यान धरणे झाली, नदीत सुरुंगाची दारू फोडून मासे मारण्याचा प्रघात वाढला आणि मोठा महासीर आता उरलाच नसावा, असा समज पसरला. १९७७-७८ मध्ये काही इंग्रज मासेमार कावेरीवर आले व त्यांनी मोठे मासे पकडले, तेव्हा हा समज खोटा ठरला.

पकडा आणि सोडून द्या

१९७२ मध्ये बेंगळुरू येथे 'वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. तिने कावेरीच्या पात्राचा काही भाग शासनाकडून भाडेपट्ट्याने घेतला. पुढे कर्नाटक शासनाच्या 'जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स' या उपक्रमाने भीमेश्वरी, गालीबोरे व दोड्डमकळी येथे मासेमारीच्या छावण्या चालविल्या. या छावण्यांचा मुख्य नियम साधा होता: पकडलेला मासा मोजावा, त्याची नोंद करावी आणि तो जिवंत नदीत सोडून द्यावा. पूर्वी जे लोक जाळ्याने अथवा सुरुंगाने चोरून मासे मारीत, त्यांपैकी काहींना येथे वाटाडे आणि पहारेकरी म्हणून काम मिळाले. जिवंत मासा वर्षानुवर्षे उत्पन्न देतो, तर मेलेला मासा एकदाच, हा हिशेब त्यांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नाही.

या व्यवस्थेतून जवळजवळ नकळत एक मौल्यवान वस्तू निर्माण झाली. ती म्हणजे छावणीची नोंदवही. कोणी, किती तास गळ टाकला, किती मासे मिळाले व त्यांचे वजन किती, हे तीत रोज लिहिले जाई. भारतातील नद्यांच्या बाबतीत एकाच ठिकाणची, इतक्या वर्षांची अशी सलग माहिती दुर्मिळ आहे.

लोणावळ्याची बोटुकली

याच सुमारास महाराष्ट्रात महासिरासंबंधी एक वेगळा प्रयत्न चालू होता. दख्खनमधील महासिराचे शास्त्रीय वर्णन कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या माशांवरून केले आणि त्यास 'खुद्री' हे जातिनाम दिले. त्याचे पर निळसर असतात. महाडजवळील वाळणकोंड येथे गावकरी ज्यांना देवाचे मासे म्हणून राखतात, ते महासीरच होत. ही जातही कमी होत चालली होती. खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी सह्याद्रीत बांधलेल्या तलावांच्या परिसरात, लोणावळ्यातील वळवण येथे, टाटा वीज कंपन्यांनी १९७०च्या सुमारास महासिराचे बीज तयार करण्याचे केंद्र उभारले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे कृत्रिम रीतीने अंडी फलित करून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, वाढविण्यात आली. हे यश मोठे होते. पिल्ले अनेक राज्यांना पुरविण्यात आली आणि कर्नाटकात ती कावेरीतही सोडण्यात आली.

एका पाण्यातील मासा दुसऱ्या पाण्यात सोडून मासेमारी समृद्ध करणे ही जगभर मान्यता पावलेली पद्धत होती. अमेरिकेतील पट्टेदार बास हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा मासा १८७९ मध्ये आगगाडीने कॅलिफोर्नियात नेण्यात आला. पुढे १९४१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील सँटी व कूपर नद्यांवर धरणे झाली, तेव्हा काही मासे जलाशयात अडकले आणि तेथेच त्यांची वाढ होऊ लागली. त्यानंतर अनेक राज्यांच्या जलाशयांत त्याचे बीज सोडण्यात आले. शरद ऋतूत पाणी थंड होऊन वरचे व खालचे थर मिसळू लागले की हे मासे लहान माशांच्या थव्यांचा पाठलाग करीत पृष्ठभागावर येतात आणि किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांची गर्दी होते. परंतु या माशाची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहिली तरच जगतात. त्यामुळे बहुतेक जलाशयांत त्याची संख्या दरवर्षी सोडलेल्या बीजावरच टिकून असते. तेथे गळाला लागणारा मासा पुष्कळदा निसर्गाच्या नव्हे, तर बीजकेंद्राच्या यशाची साक्ष देत असतो. मानवनिर्मित जलाशयात यामुळे फारसे बिघडत नाही, कारण त्या तलावाचा स्वतःचा असा प्राचीन मासा नसतो. कावेरीची स्थिती वेगळी होती.

आकड्यांचा अर्थ

गालीबोरे छावणीच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला व तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात अंदाजे २३,६२० तास गळ टाकला गेला आणि ६,१६१ महासीर पकडले गेले. याचा अर्थ एक मासा मिळण्यास सरासरीने सुमारे पावणेचार तास लागले. माशांचे वजन १ ते ४६ किलोग्रॅमपर्यंत होते. वर्षांमागून वर्षे तासागणिक मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली आणि त्यांचे सरासरी वजन कमी होत गेले. लहान मासे मोठ्या संख्येने येत आहेत, म्हणजेच नदीत नवी पिढी वाढत आहे, असा याचा सरळ अर्थ होता. पहारा आणि सोडून देण्याचा नियम यांमुळे नदीतील महासीर वाढला, हे या नोंदींवरून दिसून येते.

परंतु नोंदी अधिक बारकाईने तपासल्या असता दुसरी एक गोष्ट उघड झाली. वाढ निळ्या परांच्या महासिराची होती. वशिंडाच्या महासिराचे प्रमाण घटत गेले होते आणि जे थोडे हाती येत ते प्रामुख्याने मोठे, वयस्क मासे होते. लहान मासे न आढळणे हे कोणत्याही जातीच्या बाबतीत अत्यंत गंभीर लक्षण आहे. कारण वृद्ध मासे मेल्यावर त्यांची जागा घेणारा कोणी नसतो. 'महासीर' या एकाच शब्दाखाली दोन जाती मोजल्या गेल्या आणि एकीच्या भरभराटीने दुसरीचा ऱ्हास झाकून टाकला. छावणीत या वृद्ध माशांचे वजन मोठ्या आनंदाने लिहिले जात होते.

या ऱ्हासाचे सर्व खापर बाहेरून आलेल्या माशावर फोडणे योग्य होणार नाही. धरणांनी अंडी घालण्यासाठी वर जाण्याचे मार्ग अडविले, पाण्याचा प्रवाह अनियमित झाला, वाळूचा उपसा झाला, सुरुंगाची मासेमारी पूर्णपणे थांबली नाही आणि वृषभावती व अर्कावती या नद्यांच्या वाटे बेंगळुरूचे सांडपाणी कावेरीस मिळत राहिले. अशा बदललेल्या नदीत नव्या माशाला जागा मिळाली आणि जुन्याची जागा आकुंचित होत गेली.

नावाचे महत्त्व

येथे आणखी एक अडचण होती. वशिंडाचा महासीर जगभर प्रसिद्ध असूनही त्यास निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. ज्या जातीला नाव नाही, तिची संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक सूचीत नोंद होऊ शकत नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधील, केरळ व तमिळनाडूतील आणि पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी मिळून हा प्रश्न सोडविला. कावेरीच्या खोऱ्यातील मोयार नदीत त्यांना हा मासा मिळाला. त्याची शरीररचना आणि आनुवंशिक द्रव्य तपासून तो 'टोर रेमादेवी' ही जात असल्याचे त्यांनी दाखविले. केरळातील पांबार नदीतील लहान माशांवरून या जातीचे वर्णन पूर्वीच झाले होते. मात्र कावेरीचा महाकाय मासा तोच आहे, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्याच वर्षी जागतिक सूचीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात करण्यात आली. याउलट निळ्या परांचा महासीर पुढे 'अल्प चिंता' या वर्गात गेला.

दरम्यान नदीवरील परिस्थितीही बदलली होती. छावण्या कावेरी वन्यजीव अभयारण्याच्या क्षेत्रात होत्या. अभयारण्यात वन्यप्राणी पकडण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे २०१२ मध्ये तेथील गळाची मासेमारी थांबविण्यात आली. संरक्षित जंगलात खेळासाठी प्राण्यास वेदना देऊ नये, या विचारात तथ्य आहे. पण त्याबरोबर मासेमारांच्या पैशावर चालणारा पहारा संपला आणि नोंदवहीही बंद झाली. ज्या आकड्यांनी धोक्याची सूचना दिली, ते आकडेच मिळेनासे झाले.

या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, मासा सोडून देण्याचा नियम आणि स्थानिक लोकांचा पहारा यांनी नदीतील माशांची संख्या वाढू शकते. दुसरी ही की, केवळ संख्या वाढल्याने नदी सुरक्षित झाली असे ठरत नाही. कोणता मासा वाढला, हे प्रथम पाहावे लागते. बीजकेंद्रात तयार केलेले मासे ज्या नदीचे आहेत त्याच नदीत सोडणे, वशिंडाच्या महासिराचे उरलेले डोह राखणे, उपनद्यांचे मार्ग मोकळे ठेवणे आणि पकडलेल्या प्रत्येक माशाच्या वजनाबरोबर त्याची जातही नोंदविणे, या त्यासाठी आवश्यक गोष्टी होत. लोणावळ्यातील प्रयोगाने महासिराचे बीज तयार करता येते हे सिद्ध केले आहे. तेच कौशल्य आता कावेरीच्या स्वतःच्या माशासाठी वापरावयाचे असेल, तर त्यास फार विलंब लावून चालणार नाही. कारण बीजासाठी लागणारे प्रौढ नर आणि माद्या अजून जिवंत असणे ही त्यातील पहिली अट आहे.